बंद कारखाना उत्तर देत नाही

भरभराटीत सगळेच आपला हिशेब चारचौघांत मांडतात. मंदी आली की वही मिटून ठेवावीशी वाटते. हा मोह जसा दुकानदाराला होतो, तसाच सरकारलाही होतो. अमेरिकेतल्या महामंदीत याचा चांगलाच अनुभव आला.

ऑक्टोबर १९२९ मध्ये न्यूयॉर्कचा शेअरबाजार कोसळला. तीनच महिन्यांनी, जानेवारी १९३० मध्ये, रोजगार पुन्हा वाढू लागल्याचं राष्ट्राध्यक्ष हर्बर्ट हूव्हर यांनी जाहीर केलं. फ्रान्सेस पर्किन्स तेव्हा न्यूयॉर्क राज्याच्या औद्योगिक आयुक्त होत्या. कारखान्यांच्या पगारपत्रकांवरून दरमहा निघणारे आकडे त्यांच्या हाताशी होते आणि ते नेमकं उलटं सांगत होते. त्यांनी वार्ताहरांसमोर राष्ट्राध्यक्षांचा दावा खोडून काढला. प्रश्न मानापमानाचा नव्हता. कामं वाढली असं एकदा ठरलं, की बेकारांना मदत कशाला, असं म्हणायला सरकार मोकळं होतं.

वॉशिंग्टनमध्ये श्रमसांख्यिकी खात्याचे आयुक्त होते एथेलबर्ट स्ट्यूअर्ट. खुद्द आपले मजूरमंत्री विल्यम डोक यांच्या आशादायी निवेदनाला त्यांनी उघड छेद दिला. १९३२ मध्ये निवृत्तीच्या नियमावर बोट ठेवून त्यांना घरी पाठवण्यात आलं.

पण आकडा बिघडायला दरवेळी कुणी लबाडच असावं लागतं, असं नाही. प्रामाणिक कारकुनाच्या हातूनही तो बिघडतो. समजा, शंभर कारखान्यांना दरमहा पत्र जातं: किती माणसं कामावर, किती पगार वाटला? त्यातले दहा कारखाने बंद पडले. बंद कारखाना उत्तर देत नाही. कारकून उरलेल्या नव्वदांची मागच्या महिन्याशी तुलना करतो आणि लिहितो, ‘फरक नाही.’ दहा कारखान्यांच्या दारावरचं कुलूप त्याच्या कागदावर उमटतच नाही. पुढे दिवस पालटतात, नवे छोटे कारखाने निघतात. त्यांची नावं जुन्या यादीत नसतात. मग सुधारणाही उशिरा दिसते. म्हणजे मासिक आकडा सर्वांत लटका पडतो, तो वळणावरच.

यावरचा उपाय म्हणजे यादी पुन्हा पुन्हा ताडून पाहणं. अमेरिकेत त्या काळी दर दोन वर्षांनी सगळ्या कारखान्यांची गणना होई. १९३३ मध्ये पर्किन्स स्वतः मजूरमंत्री झाल्या. त्यानंतर मासिक आकडे या गणनेशी जुळवून दुरुस्त करण्यात आले. १९३७ मध्ये बेकारांची मोजदाद निघाली. पोस्टमननी घरोघर कार्डं वाटली. ती भरणं ऐच्छिक होतं. सुमारे ७८ लाख बेकारांनी नोंद केली. सोबत निवडक भागांत घरोघरी जाऊन पडताळणी झाली, तेव्हा अंदाज निघाला सुमारे १ कोटी १० लाखांचा. गप्प राहिलेल्यांना विचारायला कुणी गेलं, म्हणून ते मोजले गेले.

आपल्याकडे हाच पेच एप्रिल २०२० मध्ये आला. टाळेबंदीत अनेक कारखान्यांनी उत्पादन ‘शून्य’ कळवलं. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने औद्योगिक उत्पादनाचा त्या महिन्याचा निर्देशांक दिला. पण आधीच्या महिन्यांशी त्याची तुलना करणं योग्य नाही, असंही सोबत बजावलं. आकडा किती भार पेलू शकतो, हे आकडा देणाऱ्यानेच सांगणं, हेही त्याचं इमान आहे.

शून्य कळवणं वेगळं आणि काहीच न कळवणं वेगळं. शून्याची बेरीज करता येते. मौनाचा अर्थ शोधत जावं लागतं. म्हणून पहिला आकडा नंतर बदलला, तर लगेच फसवणुकीची शंका घेऊ नये. तो का बदलला आणि उशिरा कुणाची उत्तरं आली, हे विचारावं. शंका घ्यावी ती भर मंदीतही कधीच दुरुस्त न होणाऱ्या आकड्याची.