पहारेकऱ्याची तपासणी कोणी करायची?

सांगली जिल्ह्यात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर आहे. कैद्यांची ही वसाहत औंध संस्थानाने १९३९ साली वसवली. त्याच वर्षी जानेवारीत राजे भवानराव पंतप्रतिनिधींनी आपले अधिकार सोडून ७२ गावांच्या संस्थानाला स्वराज्याची घटना दिली होती. मॉरिस फ्रीडमन या पोलिश अभियंत्याच्या पुढाकाराने, खुनासारख्या गुन्ह्यांत शिक्षा झालेली माणसे इथे तुरुंगाच्या भिंतीवाचून राहू लागली, शेती करू लागली.

त्या वेळी ब्रिटिश मुलखातल्या सोलापुरात मात्र तारेच्या कुंपणाची ‘सेटलमेंट’ होती. तिथे कैकाडी, पारधी अशा जमातींची कुटुंबे ठेवलेली असत. त्यांतल्या अनेकांवर एकही गुन्हा शाबीत झालेला नव्हता. १८७१ साली आलेल्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मच संशयाला पुरेसा ठरवला होता. बोटांचे ठसे, पोलिसांकडे हजेरी, गाव सोडण्यापूर्वी वर्दी, हे सारे त्यातूनच आले.

मग न्यायालये काय करीत होती? कायद्याने त्यांचे हातच बांधले होते. एखाद्या जमातीविषयी सरकारी अधिसूचना निघाली, की तिच्या वैधतेची शंका कोणत्याही न्यायालयाने घ्यायची नाही, असे कलमच त्यात होते.

हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. पाळत राहिली. उत्तर प्रदेशातील खरकसिंग १९४१ साली दरोड्याच्या प्रकरणात पुराव्याअभावी सुटला होता, तरी पोलीस रात्री त्याचे दार ठोठावीत. १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने रात्रीच्या फेऱ्या बेकायदा ठरवल्या. त्याच्यावर लक्ष ठेवणे मात्र चालू दिले. खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असे त्या न्यायालयाने निःसंदिग्धपणे सांगितले ते २०१७ साली.

आज दार ठोठवावे लागत नाही, फोन पुरतो. केंद्रात फोन ऐकण्याचा हुकूम गृहसचिव देतात आणि तो तपासणाऱ्या समितीतही सचिवच असतात, न्यायाधीश नसतो. ज्याचा फोन ऐकला त्याला कळवले जात नाही. मग त्याने दाद मागायची कशी?

प्रयोगशाळेत मी घेतलेले मोजमाप मीच तपासले, तर सहकारी ते मान्य करीत नाहीत. ते दुसऱ्याने, वेगळ्या ठिकाणी पडताळावे लागते. यात माझ्या प्रामाणिकपणाविषयी शंका नसते. आपली चूक आपल्याला दिसत नाही, एवढाच अनुभव असतो. नागरिकांवर नजर ठेवणाऱ्या सरकारला हा नियम का लागू नसावा, हा प्रश्न वर्गात विचारून पाहावा.