कोकण किनाऱ्यावरील सागरी सार्वभौमत्वाचे दावे (इ. स. १५३४ ते १७५६)

कोकणच्या इतिहासाचे विवेचन करताना किल्ल्यांचे वेढे आणि जहाजांच्या चकमकी यांवर जितका भर दिला जातो, तितका त्यामागील हक्कांच्या प्रश्नावर दिला जात नाही. वस्तुतः दमणपासून गोव्यापर्यंतच्या किनाऱ्यावर सोळाव्या ते अठराव्या शतकांत जो संघर्ष चालला, तो केवळ बंदरांच्या ताब्यासाठी नव्हता. समुद्रावर कोणाची सत्ता असू शकते काय, आणि असल्यास ती कोणत्या आधारावर, हा त्याच्या मुळाशी असलेला प्रश्न होय. पोर्तुगीज, मोगल, मराठे आणि इंग्रज या चारही सत्तांनी त्यास निरनिराळी उत्तरे दिली. ज्याला एका पक्षाने करवसुली म्हटले त्यालाच दुसऱ्याने चाचेगिरी म्हटले, याचे कारण या उत्तरांच्या भिन्नतेत शोधले पाहिजे.

पोर्तुगीजांचा दावा सर्वांत जुना आणि सर्वांत व्यापक होता. वास्को द गामा परतल्यावर राजा मानुएल याने इथिओपिया, अरबस्तान, इराण व हिंदुस्थान येथील विजय, नौकानयन आणि व्यापार यांचा स्वामी अशी पदवी धारण केली. या पदवीत भूमीपेक्षा जलमार्गावरील स्वामित्व प्रधान आहे. जुआंव द बारुश या इतिहासकाराने इ. स. १५५२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात याचे समर्थन असे केले की, समुद्र सर्वांस मोकळा हा नियम ख्रिस्ती यूरोपपुरता आहे, इतरांस तो लागू होत नाही. व्यवहारात हा दावा ‘कार्ताझ’ या परवान्याच्या रूपाने प्रकट झाला. जहाजाचा नाखवा, आकार, शस्त्रे, जावयाचे ठिकाण इत्यादी तपशील त्यात नोंदलेला असे. निषिद्ध माल न नेण्याची आणि पोर्तुगीज ठाण्यावर जकात भरण्याची अट असे, आणि परवाना नसलेले जहाज जप्तीस पात्र ठरे. गुजरातच्या बहादुरशाहाने इ. स. १५३४ च्या तहाने वसई व तिच्याखालील मुलूख दिल्यावर उत्तर कोकणात या व्यवस्थेस भूमीचा आधार मिळाला. गोवा त्यापूर्वीच, इ. स. १५१० मध्ये, आदिलशाहीकडून घेतलेला होता.

या तत्त्वास पहिले मोठे आव्हान यूरोपातूनच मिळाले. डच पंडित ग्रोशियस याने इ. स. १६०९ मध्ये समुद्र ही कोणाची मालमत्ता होऊ शकत नाही असे प्रतिपादन केले, आणि इ. स. १६२५ मध्ये सेराफिम द फ्रेतास याने पोर्तुगालच्या वतीने त्याचे खंडन केले. मात्र ग्रोशियसचे प्रतिपादन डच कंपनीच्या हितासाठी झालेले होते. मुक्त समुद्राचे तत्त्व मांडणाऱ्या राष्ट्रांच्या कंपन्यांनी पूर्वेकडे स्वतःचे परवाने काढण्यास पुढे मुळीच अनमान केला नाही.

मोगलांची भूमिका याहून वेगळी होती. गुजरात जिंकल्यानंतर अकबरासही हज यात्रेच्या जहाजांसाठी पोर्तुगीज परवाना घ्यावा लागला, यावरून मोगल सत्ता समुद्राविषयी उदासीन होती असा निष्कर्ष अनेकदा काढला जातो. तो पूर्णपणे ग्राह्य नाही. बादशाही सार्वभौमत्वाची कल्पना भूमीवर आधारलेली होती हे खरे, परंतु बादशहाच्या प्रजेचे समुद्रावरील रक्षण हे ज्यांना बादशहाच्या बंदरांत व्यापाराची सवलत मिळाली त्यांचे कर्तव्य होय, असा तिचा सागरी अर्थ होता. इ. स. १६९५ मध्ये ‘गंज-इ-सवाई’ हे जहाज एका इंग्रज चाच्याने लुटले, तेव्हा औरंगजेबाच्या अधिकाऱ्यांनी सुरतेच्या इंग्रजांस अटकेत टाकले. पुढे कंपन्यांना यात्रेकरूंच्या जहाजांच्या रक्षणाची जबाबदारी पत्करावी लागली. कोकणात हेच धोरण जंजिऱ्याच्या सिद्दीमार्फत चालले. प्रथम निजामशाही, नंतर आदिलशाही आणि इ. स. १६७० च्या सुमारास मोगल, असे त्याचे स्वामी बदलले. मोगल आरमाराचा प्रमुख म्हणून सुरतेच्या उत्पन्नातून त्यास नेमणूक मिळे.

शिवाजी महाराजांनी इ. स. १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी घेतली, तेव्हापासून या किनाऱ्यावर एक नवा दावा उभा राहिला. त्यास पोपच्या आज्ञेचा किंवा बादशाही फर्मानाचा आधार नव्हता. भूमी ज्याची, तिच्यासमोरील पाणी व बेटेही त्याचीच, असे त्याचे स्वरूप होते. इ. स. १६६४ मध्ये मालवणनजीक सिंधुदुर्गाची उभारणी सुरू झाली ती याच भूमिकेतून. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमाराची गणना राज्याच्या स्वतंत्र अंगात केलेली आढळते.

या परस्परविरोधी दाव्यांचे सर्वांत बोधप्रद उदाहरण खांदेरीचे आहे. मुंबई बंदराच्या दक्षिणेस, थळच्या समोर असलेल्या या लहानशा बेटावर इ. स. १६७९ मध्ये मराठ्यांनी तट बांधण्यास आरंभ केला. इंग्रजांनी हे बेट मुंबईचे म्हणून हरकत घेतली. परंतु मुंबईवरील त्यांचा हक्कच विवाद्य स्वरूपात त्यांच्याकडे आलेला होता. इ. स. १६६१ च्या विवाहतहाने मुंबई इंग्लंडच्या राजास मिळाली. मात्र तिच्यासोबत साष्टी व इतर बेटे येतात असे इंग्रजांचे म्हणणे होते, तर एका बेटापलीकडे काही दिलेले नाही असे पोर्तुगीज अधिकारी म्हणत. इ. स. १६६५ मध्ये ताबा मिळाल्यानंतरही ठाणे व करंजा येथील पोर्तुगीज नाकी मुंबईच्या गलबतांकडून जकात घेत राहिली. बेट इंग्रजांचे आणि खाडी पोर्तुगीजांची, अशी ती स्थिती होती. असे असता मुंबईच्या मालकीतून खांदेरीची मालकी काढणे हे कायद्यापेक्षा भीतीचे लक्षण होते. सिद्दी इंग्रजांच्या मदतीस आला, पण हे बेट तो मोगलांसाठी घेईल अशी शंका इंग्रजांस येऊ लागली. अखेरीस इ. स. १६८० च्या प्रारंभी इंग्रजांनी माघार घेतली, खांदेरी मराठ्यांकडे राहिली आणि शेजारच्या उंदेरीवर सिद्दीने तट बांधला.

कान्होजी आंग्रे यांच्या काळात हा दावा पूर्ण विकसित झाला. इ. स. १७१३ मध्ये बाळाजी विश्वनाथाच्या मध्यस्थीने ते शाहूच्या पक्षास आले आणि सरखेल या पदासह किनाऱ्यावरील किल्ले त्यांच्याकडे कायम झाले. त्यांचे दस्तक हे कार्ताझचेच प्रतिरूप होते. इंग्रजांशी वादाचा मुख्य मुद्दा कंपनीच्या स्वतःच्या जहाजांचा नव्हता. कंपनीचा परवाना घेतलेल्या देशी व्यापाऱ्यांच्या जहाजांसही तेच संरक्षण आहे काय, हा तो मुद्दा होता. ते मान्य करणे म्हणजे किनाऱ्यावरील व्यापारी कोणाचे, हे ठरविण्याचा अधिकार मुंबईस देणे होय. इ. स. १७२१ मध्ये इंग्रज व पोर्तुगीज यांनी मिळून कुलाब्यावर केलेली स्वारी फसली. चाचेगिरीच्या आरोपास कान्होजींनी इ. स. १७२४ मध्ये गव्हर्नर फिप्स यास पाठविलेल्या उत्तराचा आशय असा की, व्यापाऱ्यांची सत्ताही बळावरच उभी आहे. सुरेंद्रनाथ सेन यांनी आंग्रेंच्या कृतीचा विचार तत्कालीन सागरी प्रथेच्या संदर्भात केला, तो याच कारणासाठी महत्त्वाचा ठरतो.

मराठ्यांनी इ. स. १७३९ मध्ये वसई घेतल्याने उत्तर कोकणातील पोर्तुगीज सत्तेचा पाया उखडला. परंतु सागरी दाव्याचा निर्णय मराठी राज्याच्या अंतर्गत रचनेने केला. तुळाजी आंग्रे पेशव्याचे वर्चस्व मानीत नव्हते, ही पेशव्याची तक्रार निराधार नव्हती. तथापि तिच्या निवारणासाठी इंग्रजांचे आरमार बोलावले गेले. इ. स. १७५५ मध्ये सुवर्णदुर्ग पडला, आणि इ. स. १७५६ च्या फेब्रुवारीत वॉटसन व क्लाइव्ह यांनी विजयदुर्ग घेतला, तेव्हा तुळाजींचे आरमार बंदरातच जळून गेले. त्याच वर्षाच्या तहाने विजयदुर्गाच्या मोबदल्यात इंग्रजांना बाणकोट मिळाले आणि मराठी मुलखात डचांच्या व्यापारास बंदी झाली.

या घटनेने मराठ्यांचे सागरी सामर्थ्य एकदम संपले असे मानणे चुकीचे होईल. आनंदराव धुळप यांनी इ. स. १७८३ मध्ये ‘रेंजर’ हे इंग्रज जहाज पकडले होते. परंतु जहाजे असणे आणि समुद्रावरील हक्क सांगणे या भिन्न गोष्टी आहेत. सरदाराचे बंड मोडताना राज्याचे एक अंगच परक्याच्या तोफांपुढे ठेवले गेले, आणि त्याबरोबर आंग्रे हे चाचे होते ही इंग्रजांची व्याख्याही कृतीने स्वीकारली गेली. पुढील शतकातील इतिहासलेखनाने ती तशीच उचलली. म्हणून कोकणच्या सागरी इतिहासाच्या अभ्यासकाने ‘चाचा’ हा शब्द साधनांत जेथे आढळेल, तेथे तो वस्तुस्थितीचे वर्णन म्हणून न घेता त्या पक्षाचा दावा म्हणून प्रथम तपासणे आवश्यक आहे.