खेकड्याच्या देहातील बार्नॅकल

बार्नॅकल बहुतेक समुद्रातच राहत असल्याने भीमेच्या खोऱ्यातील काष्टीच्या ओढ्यांतला खेकडा त्यांच्या तावडीतून सुटतो, पण सागरी खेकड्याच्या पाठीवर व कल्ल्यांवरही ते ठाण मांडतात. शिंपल्यांचे सोयरे मानले गेलेले हे चुनखडी कवचाचे प्राणी खेकड्यांचेच भाऊबंद असल्याचे जॉन व्हॉन टॉम्पसन यांनी १८३० मध्ये त्यांच्या पोहणाऱ्या डिंभांवरून, म्हणजे बालरूपांवरून, दाखवले. १८३६ मध्ये त्यांनी खेकड्याच्या पोटाखालच्या बिनपायांच्या, बिनकवचाच्या सॅक्युलिना या पिशवीलाही त्याच कुळात बसवले. हा परजीवी आधी खेकड्याच्या देहात मुळांसारखा पसरतो आणि पिशवी मागाहून बाहेर येते, हे ईव्ह दलाज यांनी १८८४ मध्ये उलगडले. सर्वांत विलक्षण गत नर खेकड्याची: त्याचे पोट मादीसारखे रुंदावते आणि तो परक्या अंड्यांची पिशवी स्वतःचीच समजून निगुतीने साफ ठेवतो.