माशी नव्हती, मुलगा होता

आइस्क्रीमच्या दुकानात ज्याला काहीच सुचत नाही, तो व्हॅनिला घेतो. सगळ्यांत साधी आणि बहुधा सगळ्यांत स्वस्त चव. त्या कपात बहुतेक वेळा कारखान्यात बनवलेलं व्हॅनिलीन असतं. खऱ्या व्हॅनिलाच्या शेंगा मात्र केशराच्या खालोखाल महाग मसाला मानल्या जातात. त्या इतक्या महाग का, याचं उत्तर एका माशीच्या गैरहजेरीत आहे आणि त्या उत्तरात बारा वर्षांचा एक गुलाम मुलगाही आहे.

व्हॅनिला हे ऑर्किड. मेक्सिको आणि मध्य अमेरिकेच्या जंगलात झाडांवर चढणारी ही वेल. मेक्सिकोच्या पूर्व किनाऱ्यावरचे तोतोनाक लोक तिच्या शेंगा जमवत आणि अ‍ॅझ्टेक लोक त्या कोकोच्या पेयात घालत. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी ही चव युरोपात नेली आणि तिथल्या श्रीमंतांना तिचं वेड लागलं. पुढे वेलीची कलमंही युरोपातल्या काचघरांत पोहोचली. वेल वाढली, फुललीही. शेंग मात्र धरेना.

कारण फुलाच्या रचनेत होतं. व्हॅनिलाचं फूल सकाळी उमलतं आणि त्याच दिवशी मिटतं. त्याच्या आत पराग आणि ते जिथे पोहोचायला हवेत ती कुक्षी अगदी जवळजवळ असतात, पण मध्ये एक पातळ पडदा असतो. वारा तो हलवू शकत नाही. योग्य आकाराची माशी आत शिरली, तरच पराग पलीकडे जातात. हे काम मेक्सिकोतल्या मेलिपोना माश्या करतात असं पूर्वापार सांगितलं जातं. या माश्या नांगी नसलेल्या, आपल्याकडच्या पोयाच्या माश्यांच्या लांबच्या नातलग. अलीकडचे अभ्यासक युग्लोसा नावाच्या चमकदार हिरव्या माश्यांकडे बोट दाखवतात. माशी कुठलीही असो, ती अमेरिकेतच होती. माणसाने वेल उचलून नेली, माशी मागे राहिली. त्यामुळे सुमारे तीनशे वर्षं व्हॅनिलाच्या व्यापारावर मेक्सिकोची मक्तेदारी टिकली.

1836 साली बेल्जियममधल्या लिएज शहरात शार्ल मोरँ या वनस्पतिशास्त्रज्ञाने काचघरातल्या फुलांचं हाताने परागीभवन करून शेंगा मिळवल्या. परागीभवन म्हणजे फुलाचं लग्न लावणं, म्हटलं तर. पण मोरँची पद्धत प्रयोगशाळेतच राहिली. मळ्यात रोज शेकडो फुलं उमलतात आणि काही तासांत मिटतात. तिथे हवा होता झटपट, कुणालाही जमेल असा उपाय.

तो सापडला हिंदी महासागरातल्या बूर्बाँ बेटावर, म्हणजे आजच्या रेयुनियनवर. फ्रेंचांच्या या वसाहतीत ऊस, कॉफी, मसाले यांचे मळे होते आणि त्यांत राबायला मादागास्कर, पूर्व आफ्रिका आणि भारताच्या किनाऱ्यावरूनही आणलेले गुलाम होते. 1819 पासून इथे व्हॅनिलाच्या वेली आणल्या गेल्या. बेटावर मधमाश्या नव्हत्या असं नाही. या फुलाचं कुलूप उघडणारी माशी तेवढी नव्हती.

सेंट-सुझान भागात फेरेओल बेलिए-बोमों याचा मळा होता. तिथे एदमों हा मुलगा वाढला. जन्म 1829 चा. आई बाळंतपणात गेली. आडनाव नाही, कारण गुलामांना ते नसायचं. मालकाला झाडाझुडपांचा नाद. तो या मुलाला मागे-मागे घेऊन बागेत फिरायचा. भोपळ्याच्या कुळातल्या एका वेलीवर नर फुलातले पराग मादी फुलाला कसे लावायचे, हे त्याने एदमोंला दाखवलं होतं.

1841 साली एके दिवशी मालकाला आपल्या वांझ समजल्या गेलेल्या वेलीवर शेंगा दिसल्या. एदमों म्हणाला, मी केल्या. मालकाचा विश्वास बसेना. मग मुलाने करून दाखवलं. फुलाची पाकळी बाजूला केली, बारीक काडीने मधला पडदा वर उचलला आणि अंगठ्याने पराग कुक्षीवर दाबले. काही क्षणांचं काम. माशी जे अंगाने करते, ते त्याने काडीने आणि अंगठ्याने केलं. भोपळ्याच्या वेलीवरचा धडा ऑर्किडला लागू पडेल, हे त्याचं त्यालाच सुचलं होतं.

बातमी पसरली. शेजारच्या मळ्यांत इतर गुलामांना शिकवायला एदमोंला पाठवलं जाऊ लागलं. 1848 साली बेटावरून सुमारे 50 किलो व्हॅनिला निर्यात झाली. पन्नास वर्षांनी, 1898 साली, हा आकडा 200 टनांवर गेला होता. मेक्सिको मागे पडला.

आणि एदमों? 1848 साली फ्रान्सने गुलामगिरी संपवली. बेटावरचे 60,000 हून अधिक लोक मुक्त झाले, त्यांत तोही होता. त्याला आडनाव मिळालं, आल्ब्यूस. लॅटिनमध्ये त्याच्या मुळाचा अर्थ ‘पांढरा’. ते देणाऱ्याच्या मनात काय होतं कोण जाणे. जमीन किंवा नफ्यातला वाटा मात्र मिळाला नाही. तो सेंट-डेनिस शहरात स्वयंपाकघरात काम करू लागला, दागिन्यांच्या चोरीत अडकला, पाच वर्षांची शिक्षा झाली. जुन्या मालकाने गव्हर्नरकडे रदबदली केली, या माणसाने बेटाला काय दिलं ते लिहून कळवलं, तेव्हा तो लवकर सुटला. दरम्यान एका नामांकित वनस्पतिशास्त्रज्ञाने दावा केला की ही युक्ती आपणच आधी शिकवली होती. तेव्हाही बेलिए-बोमोंने एदमोंची बाजू घेतली. 1880 साली एदमों गरिबीतच वारला.

मधमाशी आपल्यासाठी फुकट राबते, हे वाक्य आपण इतक्यांदा ऐकलंय की त्यातलं ‘फुकट’ ऐकूच येत नाही. तिचं काम माणसावर आलं की कुणाच्या वाट्याला येतं, हे एदमोंच्या गोष्टीत दिसतं. ते मळेवाल्याच्या वाट्याला येत नाही. ज्याचे हात सगळ्यांत स्वस्त, त्याच्या वाट्याला येतं.

आपल्याकडचा कापूस बघा. 1970 साली गुजरातेत सुरतच्या संशोधन केंद्रातून एच-4 हे संकरित वाण आलं. आज विदर्भ-मराठवाड्यातला बहुतेक कापूस संकरित बियाण्याचा आहे. हे बियाणं तयार करायला संध्याकाळी एकेका कळीतले पुंकेसर बोटांनी काढून टाकावे लागतात आणि सकाळी ठरावीक झाडाचे पराग हाताने लावावे लागतात. इथे माशी नाहीशी झालेली नाही, मुद्दाम बाजूला ठेवलेली आहे. पण काम तेच. गुजरात, आंध्र, कर्नाटकातल्या बियाण्याच्या प्लॉटवर हे काम अनेक वर्षं मोठ्या प्रमाणावर लहान मुलींकडून करून घेतलं गेलं, हे वारंवार उघडकीला आलं आहे. कळी लहान, म्हणून बोटंही लहान हवीत, असं कारण दिलं जायचं.

जगातल्या 115 प्रमुख अन्नपिकांपैकी 87 पिकं कमी-जास्त प्रमाणात कीटक-पक्ष्यांच्या परागीभवनावर अवलंबून आहेत. गहू-तांदूळ त्यांत नाहीत, म्हणजे माश्या संपल्या तर उद्याच उपासमार होईल असं नाही. पण सूर्यफूल, सफरचंद, बदाम, टरबूज, काकडी यांचं गणित बिघडेल. महाराष्ट्रात कांद्याचं बी धरणारे आणि डाळिंबाच्या बागा असणारे शेतकरी आता मधमाश्यांच्या पेट्या भाड्याने आणून ठेवतात. फुलोऱ्यात फवारणी केली तर भाड्याच्या माश्या मरतात, हे त्यांना पैशांत कळतं. रानातल्या आग्या आणि सातेरी माश्यांना भाडं नाही, म्हणून त्या मेल्या तर हिशेबात येत नाही.

व्हॅनिला आजही हातानेच फळवली जाते. मादागास्करमध्ये, जिथे आज जगात सगळ्यांत जास्त व्हॅनिला पिकते, फुलोऱ्याच्या दिवसांत कामगार पहाटेच वेलींकडे जातात, कारण दुपारी फूल मिटलेलं असतं. काडी, पडदा, अंगठा. बाजारात त्या शेंगांना ‘बूर्बाँ व्हॅनिला’ म्हणतात. बूर्बाँ हे फ्रान्सच्या राजघराण्याचं नाव.