वाय-फायचा पल्ला: थोडा इतिहास



भारतात जाताना बॅगेत बदाम-पिस्ते आणि चॉकलेटं यांच्या जोडीला वाय-फायचा राऊटर कोंबणारे आपल्यात बरेच निघतील. न्यू जर्सीच्या घरात तळघरापासून माडीपर्यंत पोचणारा तोच डबा रत्नागिरीच्या घरात हॉलच्या पलीकडे जायला तयार नसतो. मग आपल्याशी व्हिडिओवर बोलायचं तर आईबाबांना हॉलमधल्या एकाच खुर्चीत येऊन बसावं लागतं. दोष डब्याचा नसतो. त्याची धाव किती, हे तो बनण्याच्या कितीतरी आधी ठरलेलं आहे. त्याची ही गोष्ट.

सुरुवात होते रडारपासून. १९४० साली बर्मिंगहॅम विद्यापीठात जॉन रँडल आणि हॅरी बूट यांनी कॅव्हिटी मॅग्नेट्रॉन चालवून दाखवला आणि त्याच वर्षी ब्रिटिशांनी तो अमेरिकेच्या हवाली केला. रेथिऑन कंपनी युद्धात हे मॅग्नेट्रॉन धडाधड बनवत होती. तिथल्या पर्सी स्पेन्सरच्या खिशातली वडी १९४५ च्या सुमारास वितळली, ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. (वडी चॉकलेटची होती की शेंगदाण्याची, यावर अजून वाद चालतो. चालू द्या.) त्यातून मायक्रोवेव्ह ओव्हन आला. १९४७ साली अटलांटिक सिटीतल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत २४५० मेगाहर्ट्झच्या आसपासचा पट्टा अशा तापवणाऱ्या यंत्रांसाठी सोडण्यात आला. तिथे कोणाला संदेश पाठवायचे असतील तर त्याने ओव्हनचा गोंगाट मुकाट्याने सोसायचा, अशी अट.

पाणी याच लहरीवर सर्वात जास्त शोषतं म्हणून ती निवडली, असं छातीठोकपणे सांगितलं जातं. ते खरं नाही. पाण्याचा तो बिंदू कितीतरी वर आहे आणि कारखान्यांतले मोठे ओव्हन ९१५ मेगाहर्ट्झवरही चालतात. मात्र २४५० वरही पाणी बऱ्यापैकी शोषून घेतं, आणि तेच आपल्याला पुढे नडतं.

पुढची जवळजवळ चाळीस वर्षं हा पट्टा म्हणजे गावाबाहेरचा उकिरडा. चांगल्या जागा, म्हणजे भिंतीतून सहज आरपार जाणाऱ्या खालच्या लहरी, रेडिओ, टीव्ही, पोलीस, लष्कर यांनी आधीच वाटून घेतलेल्या. ९ मे १९८५ रोजी अमेरिकेच्या एफसीसीने, मायकेल मार्कस या इंजिनिअरच्या चिकाटीमुळे, हा उकिरडा विनापरवाना वापराला खुला केला. ताकद जास्तीत जास्त १ वॅट, आणि कोणाचा त्रास झाला तर तक्रार करायची नाही. एनसीआर कंपनीला दुकानातले गल्ले तारेविना जोडायचे होते. तिच्या हॉलंडमधल्या व्हिक हेज यांनी मानक ठरवणारी समिती वर्षानुवर्षं हाकली. १९९७ मध्ये पहिलं मानक आलं, १९९९ मध्ये ११ मेगाबिटचं, आणि मग ते घरोघरी शिरलं.

युरोपने मात्र हात आखडता घेतला: २.४ गिगाहर्ट्झवर १०० मिलिवॅट. लंडनकरांनी अमेरिकेतल्या भाच्याच्या राऊटरचा हेवा करण्यात फारसा अर्थ नाही, कारण फोनलाही उलट उत्तर द्यावं लागतं. राऊटर कितीही मोठ्याने ओरडला तरी फोनची कुजबुज त्याला ऐकू यायला हवी ना! ओव्हनचंही तसंच. आत १००० वॅट असतात. त्यातला दहाहजारावा भाग बाहेर झिरपला तरी तो १०० मिलिवॅट होतो, म्हणजे शेजारी दुसरा राऊटरच.

आता भिंती. मला तर हाच भाग सर्वात रंजक वाटतो. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत झपाट्याने घरं उठली ती लाकडी सांगाडा आणि ड्रायवॉलची. अशी एक भिंत लहरीची साधारण निम्मी ताकद खाते. विटेची भिंत ओलांडल्यावर पाव हिस्सा किंवा त्याहून कमी उरतो. सळयांच्या काँक्रीटमधून दहावा हिस्सा आला तरी नशीब, म्हणजे अशा दोन भिंतींपलीकडे शंभरावा! आखाती देशांतल्या मंडळींना हे वेगळं सांगायला नको. कोकणातल्या जांभ्याच्या जाड भिंती पावसाळ्यात ओल धरतात, तेव्हा त्या आणखी शोषतात. खुद्द अमेरिकेतही युद्धाआधीच्या काही घरांत गिलाव्याखाली लोखंडी जाळी सापडते. २.४ गिगाहर्ट्झची तरंगलांबी सुमारे १२ सेंटिमीटर, जाळीची भोकं त्याहून खूपच बारीक. ओव्हनच्या दारातली जाळी लहरीला आत कोंडते, तसंच ही भिंत तिला अडवते.

भारतात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २००५ च्या नियमांनी परवानामुक्त झाला, तोही अमेरिकेसारखा १ वॅटचा. त्यामुळे इथे कायदा आड येत नाही, भिंत येते. पुढे ५ गिगाहर्ट्झ आला. अमेरिकेत २०२० साली ६ गिगाहर्ट्झही खुला झाला. वेग वाढला, गर्दी कमी झाली, पण लहर जितकी वरची तितकी ती भिंतीत लवकर दमते. नव्या महागड्या राऊटरचा वेगवान पट्टा जुन्या घरात आणखीच तोकडा पडतो तो यामुळे.

आईबाबांच्या घरासाठी मला सुचणारा उपाय अगदी जुनाट आहे. हॉलमधून आतल्या खोलीपर्यंत दाराच्या चौकटीवरून एक इथरनेटची तार, आणि तिच्या टोकाला दुसरा लहान अॅक्सेस पॉइंट. गल्लीतला केबलवाला हे काम सहज करून देईल. फक्त तो डबा कपाटाच्या मागे लपवू देऊ नका. आपल्याकडे कपाट लोखंडी असतं.