वशिल्याचा जमाखर्च

वशिला हा शब्द आपल्याकडे उगाच बदनाम झाला आहे. ज्याला तो लाभतो तो त्याला 'ओळख' म्हणतो. ज्याला लाभत नाही तो 'वशिला' म्हणून बोटे मोडतो. आम्ही पडलो कॉमर्सचे. दिवसभर बँकेत लोकांचे जमाखर्च जुळवतो. म्हटले, एकदा या ओळखीचेही खाते तपासावे. आणि त्यासाठी मुंबईच्या गिरण्यांइतकी जाडजूड वही कुठे मिळायची?

कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली ताडदेवच्या गिरणीची कंपनी काढली. १८५६ मध्ये गिरणी चालू झाली. पुढे गिरण्या वाढल्या आणि रत्नागिरी, साताऱ्याकडून माणसे लोटली. आता कोकणातल्या पोराला परळला जागा रिकामी आहे, हे कळायचे कसे? जाहिरात नाही, आणि असती तरी वाचणार कोण? पण कळायचे, आणि बरोबर वेळेवर कळायचे!

आमचे आजोबा १९३० नंतर केव्हातरी राजापूरकडून बोटीने आले, ते एक वळकटी आणि एक पत्ता घेऊन. पत्ता घराचा नव्हे, माणसाचा. त्या माणसाने त्यांना गावकीच्या खोलीत नेऊन टाकले. खोली कसली, गावच तो, फक्त उभा रचलेला! भिंतीला खुंट्या, खाली ट्रंका, आणि महिन्याला ठरलेली वर्गणी. दिवसपाळीवाला उठला की त्याच अंथरुणावर रातपाळीवाला आडवा. बँकेच्या भाषेत जॉइंट अकाउंट.

खानावळीत आमटीबरोबर बातमीही वाढली जायची. "अमका भातलावणीला गावी गेलाय, बदली माणूस पाहिजे." पंगतीत निरनिराळ्या गिरण्यांचे लोक, त्यामुळे बातम्याही निरनिराळ्या. अमेरिकेतल्या मार्क ग्रॅनोव्हेटर नावाच्या समाजशास्त्रज्ञाने १९७३ साली लिहिले, की नोकरीची बातमी जिवलगांपेक्षा जुजबी ओळखीच्यांकडून जास्त मिळते. कारण जिवलगांना आपल्याला ठाऊक असते तेवढेच ठाऊक. आमच्या खानावळवाल्या बाईंना हे कुणी सांगितले असते तर त्या म्हणाल्या असत्या, "बरं मग? जेवताय ना?"

पुढचा माणूस जॉबर. कामावर घेणारा तोच, काढणारा तोच. पोरगा आपल्या गावचा, म्हणजे त्याची हमी आली. आमच्याकडे कर्जाला जामीन लागतो, तसाच हा प्रकार. पोराने कामचुकारपणा केला तर मान खाली जायची सगळ्या खोलीची. मालक खूश, पोरगा खूश, आणि मध्ये दस्तुरी खाऊन जॉबर सर्वांत खूश!

इथवर सारी जमेची बाजू. आता खर्चाचे पान उलटू.

विणकाम खात्यात मजुरी चांगली, पण तिथे दलित कामगाराला प्रवेश नव्हता. धोट्यातून धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे, आणि इतरांना विटाळाची भीती! डॉ. आंबेडकरांनी १९२८ च्या संपात हा प्रश्न पुढाऱ्यांपुढे रोखठोक मांडला. म्हणजे 'आपला माणूस' म्हणून ज्या दारातून आमच्यासारख्यांचे आजोबा आत गेले, तेच दार 'आपला नव्हे' म्हणून दुसऱ्याच्या तोंडावर लागत होते. कडी एकच, आतली माणसे तेवढी निराळी.

मालकसंघाने १९३५ मध्ये बदली कामगारांची नोंदणी सुरू केली. जॉबरचे पंख थोडे छाटले गेले, पण खोलीचे आणि खानावळीचे वजन काही संपले नाही.

दुसरा खर्च उशिरा दिसला. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि पुष्कळांना पुन्हा आत जायला मिळालेच नाही. खोलीतले सगळे गिरणीतलेच. मग कोण कुणाला कुठे चिकटवणार? सगळी पुंजी एकाच शेअरमध्ये घालू नये, हे आम्ही गिऱ्हाइकांना रोज सांगतो. ओळखीलाही तोच नियम.

मी स्वतः परीक्षा देऊन लागलो, वशिल्याने नव्हे, हे घरी आल्यागेल्याला ऐकवतो. अर्ज सुटल्याची बातमी मात्र मला चाळीतल्या एका काकांनी सांगितली होती. तशीच ती पलीकडच्या वस्तीतल्या एखाद्या पोरालाही कुणी सांगायला हवी होती. म्हणून हल्ली भरतीची जाहिरात निघाली की मी पैसे काढायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो. मागची रांग कुरकुरते, कुरकुरू दे.