बंगाली कॅम्पातला ढाक

दुर्गापूजेत चंद्रपूरच्या बंगाली कॅम्पात ढाक वाजायला लागला की गावातली गर्दी तिकडं वळते. मीही जातो. रंगीत मंडप, हातात धूर ओकणारी धुनुची घेऊन नाचणारी पोरं, दशमीला बायकांचं सिंदूर खेळणं. आपण मोबाईलवर व्हिडिओ काढतो, मिठाई खातो अन् घरी येतो. झाली ओळख!

ही माणसं मूळची खुलना, बारिसाल, फरीदपूरकडची. नद्या-खाड्यांचा मुलूख, बाजाराला जायचं तरी नाव लागायची. फाळणीपासून लोंढे सुरूच होते, १९६४ च्या दंगलींनंतर वाढले. अशी कुटुंबं सरकारनं आपल्या जंगलात आणून बसवली. मुलचेरा, चामोर्शीकडं फिरा. सुंदरनगर, विवेकानंदपूर ही नावं काही माडिया-गोंडांनी ठेवलेली नाहीत. ज्यांचं जंगल गेलं त्या आदिवासींची तक्रारही खोटी नाही, हे इथंच लिहून ठेवतो.

यातले बरेचजण नमःशूद्र, हरिचाँद ठाकुरांच्या मतुआ पंथाचे. त्यांचा खरा नाच मंडपातला नाही. डंका, झांजा, लाल निशाण आणि हरिनामात बेभान होणं. १८१२ साली जन्मलेल्या ठाकुरांनी अस्पृश्य ठरवलेल्या या लोकांना मध्यस्थाशिवायची भक्ती दिली. वारकऱ्यांच्या मुलखात हे जास्त समजावून सांगायची गरज नाही.

आता मुद्द्याचं. १९४६ साली बाबासाहेब संविधान सभेवर निवडून गेले ते मुंबईतून नाही, बंगालमधून. त्यासाठी धडपडले जोगेंद्रनाथ मंडल, बारिसालचे नमःशूद्र पुढारी. दहा वर्षांनी, १६ ऑक्टोबर १९५६ ला, बाबासाहेबांनी आपल्या चंद्रपुरात धम्मदीक्षा दिली. ती दीक्षाभूमी आणि हा बंगाली कॅम्प एकाच शहरात आहेत.

आणि त्याच नमःशूद्रांचं नाव महाराष्ट्राच्या अनुसूचित जातींच्या यादीत नाही. पश्चिम बंगालच्या यादीत आहे. कलम ३४१ प्रमाणे यादी राज्यागणिक वेगळी आणि ती बदलायची तर संसदेत कायदा करावा लागतो. निवडणूक आली की आश्वासन मिळतं, मग पुन्हा पुढची निवडणूक.

मागच्या पूजेत मंडपाबाहेर एक कॉलेजचा पोरगा म्हणाला, "दादा, बंगालातल्या मामेभावाकडं दाखला आहे, माझ्याकडं नाही. जात तर एकच ना?" ढाक इतका जोरात होता की मला त्याला पुन्हा विचारावं लागलं.